कयाकवर मासेमारीचं सामान ठेवायला घरच्या घरी काय करता येईल?

काठावरचा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं काठावर बसून गळ टाकत होतो, आता एक वापरलेली कयाक घेतली आहे. वर बसायची, साधारण ३ मीटर लांब. सीटमागे सामानासाठी मोठा खळगा आणि त्यावर बंजी दोरीची फुली. पुढे एक गोल झाकण आहे, त्यातून आतल्या पोकळीत हात जातो. बस्स, एवढंच.

अडचण अशी की मला सगळं आजूबाजूला पसरून बसायची सवय. कयाकमध्ये पक्कड मांडीखाली जाते, ल्युअरचा (गळ लावलेल्या खोट्या आमिषांचा) डबा पायाशी सरकतो, जादा रॉड खांद्याला टेकलेला असतो, आणि मासा लागला की नेमकी पक्कडच सापडत नाही. मागच्या खेपेला तिहेरी गळ पँटमध्ये असा रुतला की कापड कापून सुटका करावी लागली.

मनात असं आहे: खळग्यात नेमकी बसेल अशी प्लायवूडची पेटी करायची. आत कप्पे, बाहेरून ४ रॉड उभे राहतील असे पाइप, आणि पेटी खालून स्क्रूने कयाकलाच पक्की. सुतारकाम बऱ्यापैकी जमतं. प्लायला नीट रंग दिला तर टिकेल ना? कयाकला भोकं पाडलेली चालतात का, की एखाद्या गोंदाने भागेल? तयार पेट्या मिळतात हे माहीत आहे, पण घरी करण्यातली मजा घालवायची नाही. जाणकारांनी सांगावं.

निवांत

प्लास्टिकचा क्रेट, पाइपचे तुकडे, केबल टाय. अर्ध्या तासाचं काम. पेटीबिटी कशाला राव.

करवत

निवांतरावांचा क्रेट बरोबर आहे, अर्धा तास मात्र बरोबर नाही. माझं पोट फॅब्रिकेशनवर चालतं आणि सुट्टी कयाकवर जाते, त्यामुळे जरा लांबड लावतो.

आधी प्लायचं बघू. मरीन प्लाय घेतला, कडा इपॉक्सीने बंद केल्या, तर कुजणार नाही, मान्य. पण १२ मिलिमीटर प्लायची ४० × ३५ × ३० सेंटिमीटरची बंद पेटी रिकामीच ५ किलोच्या वर जाते. ते वजन तुमच्या पाठीमागे, पाण्याच्या वर. आणि खरी गोम पुढेच आहे. पेटीत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. एक लाट वरून आली की ४० लिटरची पेटी म्हणजे ४० किलो पाणी, तेही शेपटीकडे. जाळीच्या क्रेटमधून तेच पाणी खाली खळग्यात आणि खळग्याच्या भोकांतून पुन्हा बाहेर. क्रेट घ्या म्हणतो ते स्वस्त-महागासाठी नाही, या भोकांसाठी.

काहीही करायला घेतलंत की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: कयाक पालथी झाली तर ह्याचं काय होईल? आपण लोक क्रेटला आधी रॉडचे पाइप लावतो, कारण ते दिसतात. झाकण राहूनच जातं. बिनझाकणाचा क्रेट पालथा झाला की पक्कड, गळाला वजनासाठी लावतात ते शिसं, डबे, सगळं तळाशी, आणि वर क्रेट रिकामा तरंगतो. म्हणून तुमच्याकडून आधी झाकण करून घेतो.

झाकणाला स्वयंपाकघरातला पांढरा प्लास्टिकचा कटिंग बोर्ड झकास. तो पॉलिइथिलीनचाच असतो, पाणी पीत नाही, करवतीने लाकडासारखा कापला जातो. मोठा मिळाला नाही तर पाट्या रंगवायला वापरतात ती आतून पोकळ असलेली प्लास्टिक शीट दुहेरी करून घ्या, फक्त दोन थरांच्या पन्हळी एकमेकींना आडव्या ठेवा, नाहीतर एका दिशेने वाकते. मागच्या कडेला दोन भोकं, त्यातून दोरीचे फास, झाली बिजागरी. लोखंडी बिजागरी लावू नका, गंजून झाकण जाम होईल. पुढच्या कडेला बंजीचा फास आणि क्रेटवर एक आकडा, तोही असा की बसल्या जागी मागे न बघता एका हाताने उघडेल. बघून उघडावं लागणारं झाकण पाण्यावर उघडंच राहतं, हे मी खात्रीने सांगतो.

आता पाइप. ४० मिलिमीटरचा पीव्हीसी बऱ्याच रॉडना पुरतो, पण आपल्या रॉडच्या मुठीचा सर्वांत जाड भाग मोजून मगच आणा. पातळ पाइपच घ्या, जाड भिंतीच्या पाइपात आतली जागा कमी पडते. तुकडा ३० सेंटिमीटरच्या आसपास. तोंडाशी एक खाच पाडायची, रीलचा दांडा तीत बसतो आणि रॉड गरगर फिरत नाही. खाच थेट करवतीने कापू नका. जिथे खाच संपणार तिथे आधी ड्रिलने गोल भोक पाडा आणि मग वरून दोन काप त्या भोकापर्यंत आणा. चौकोनी कोपरा सोडलात तर तडा तिथूनच सुरू होतो. तोंड जरा फाकवलं की रॉड न बघता आत जातो. त्यासाठी हीट गन हवीच असं नाही. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, त्यामुळे उकळत्या पाण्यात तोंड थोडा वेळ धरून काचेची बाटली दाबली तरी भागतं. हातमोजे घाला. गॅसच्या ज्वाळेवर मात्र नको. पीव्हीसी करपला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती छातीत जाऊ देण्यासारखी गोष्ट नाही.

खालचं तोंड बुचाने बंद करायचं नाही, पाणी साठतं. तळापासून दोन बोटं वर आरपार एक स्टीलचा बोल्ट घाला, रॉड त्यावर टेकतो आणि पाणी खाली जातं.

बांधताना लोक पाइपाभोवती नुसता केबल टाय गुंडाळतात. पाइप गुळगुळीत, टाय गुळगुळीत, आठवडाभरात पाइप वर सरकून हातात येतो. पाइपाच्या मागच्या भिंतीला दोन बारीक भोकं पाडून टाय त्यातून ओवा आणि मग क्रेटच्या जाळीत आवळा. वर एक जोड, खाली एक जोड. टाय काळेच घ्या, पांढरे उन्हात ठिसूळ होतात आणि तुटतात तेही न सांगता. आवळल्यावर उरलेलं शेपूट पक्कडीने कापलं तर ब्लेडसारखं टोक मागे राहतं आणि क्रेटमध्ये हात घातला की मनगट सोलतं. नेलकटरने मुंडीशी सपाट कापायचं.

पाइप क्रेटच्या मागच्या बाजूला लावा, मागे कललेले. सरळ उभे ठेवलेत तर डोक्यावरून गळ फेकताना ल्युअर मागच्याच रॉडला अडकेल. आणि ४ कशाला? २ पुष्कळ झाले. एक हातात, एक मागे, फार तर अजून एक.

गोंदाचा विचार सोडून द्या. कयाक पॉलिइथिलीनची असते, तिला इपॉक्सी काय किंवा झटपट चिकटणारा गोंद काय, काहीच धरत नाही, वाळलं की सालीसारखं निघून येतं. भोकांबद्दल नंतर लिहितो. पण या क्रेटसाठी एकही भोक लागत नाही.

काठावरचा

करवतसाहेब, दंडवत. प्लाय रद्द. दोन शंका. बंजीच्या फुलीखाली क्रेट दाबून बसवला तर पुरे ना? आणि पालथ्या क्रेटची भीती घातलीत, तर सगळ्या सामानासकट तो बुडणार नाही यासाठी काय करायचं?

करवत

बंजी पुरी नाही. बंजी ताणली जाते हाच तिचा गुण आणि हाच दोष. शांत पाण्यात क्रेट हलू देत नाही, पालथं झालं की क्रेट तिच्या खालून सरकून निघतो. बंजी राहू द्या, पण शिवाय बकल असलेला एक न ताणणारा पट्टा क्रेटच्या खालच्या जाळीतून ओवून कयाकच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना बांधा. वरून नको, खालून. वरून बांधलात तर झाकण उघडायला दर वेळी पट्टा सोडावा लागेल.

क्रेट ठेवण्याआधी खळग्यातली निचऱ्याची भोकं कुठे आहेत ते बघा. क्रेटचा तळ नेमका त्यांच्यावर बसला तर सगळी मेहनत फुकट. तळाला पाइपच्या उभ्या चिरलेल्या दोन पट्ट्या लावल्या की खालून पाणी वाहतं.

बुडण्याचा हिशेब सोपा आहे. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, १ लिटर फोम पाण्यात जवळजवळ १ किलो उचलून धरतो. डबे, पक्कड, शिसं, झाकण, बोल्ट मिळून ४ किलो असतील तर ५ लिटर फोम घाला आणि निश्चिंत व्हा. क्रेट स्वतः पॉलिइथिलीनचा असल्यामुळे स्वतःपुरता तरंगतो, पीव्हीसी मात्र पाण्यापेक्षा जड आहे, पाइपही हिशेबात धरा. पोहायला शिकवताना वापरतात ते लांब फोमचे दांडके किंवा एसीच्या नळीवर चढवतात तो काळा फोम, दोन्ही चालतात. थर्मोकोल नको, त्याचे दाणे सुटून पाणीभर होतात. फोम क्रेटच्या आत वरच्या कडेने लावा, तळाला नाही. म्हणजे क्रेट सुटून पाण्यात पडला तरी तोंड वर करून तरंगेल. वर त्याच फोमच्या कडेला वापरलेले ल्युअर खोचून ठेवता येतात. तुमच्या पँटचा प्रश्न तिथेच सुटतो.

घरीच चाचणी घ्या. क्रेट नेहमीसारखा भरा, झाकण लावा, उचलून पालथा करा आणि गदागदा हलवा. बाहेर जे पडेल त्याला दोरी किंवा कप्पा हवा.

लाटांवरची

करवत यांचं बहुतेक पटलं, पण मी खाऱ्या पाण्यात जाते, तिथलं गणित थोडं वेगळं आहे.

बोल्ट-वॉशर घेताना नुसतं ‘स्टेनलेस’ म्हणून घेऊ नका. ३१६ प्रतीचं मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या पाण्यात बरंच जास्त टिकतं. नेहमीच्या ३०४ प्रतीवर काही दिवसांत तपकिरी डाग आणि बारीक खड्डे दिसायला लागतात. आणि ॲल्युमिनियमच्या रिव्हेटला स्टीलचा वॉशर चिकटवून ठेवू नका. खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी दिसली की समजायचं.

ल्युअरच्या बंद डब्यात एक ओला ल्युअर परत टाकला की बाकीचेही गंजतात. मी वापरलेले ल्युअर वेगळ्या, भोकं पाडलेल्या डब्यात टाकते आणि घरी आल्यावर तो डबाच गोड्या पाण्याखाली धरते. चांगल्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवते, पण डबा ओला बंद केलात तर पुडी काही करू शकत नाही. आधी वाळवणं, मग पुडी.

आता मतभेद. रॉडना दोऱ्या बांधा असं सगळीकडे सांगतात. फुटत्या लाटांतून जायचं असेल तर मी एकही रॉड बाहेर उभा ठेवत नाही, बांधलेला तर नाहीच. पालथी झाले की त्याच दोऱ्या पायात येतात आणि त्यांच्या टोकाला तिहेरी गळ लोंबत असतात. लाटा ओलांडेपर्यंत रॉड आतल्या पोकळीत, आडवे. तोंड छोटं असेल तर दोन तुकड्यांचा रॉड घ्या.

करवत

हे मी सोडूनच दिलं होतं, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. लाटांत तुमचंच खरं. तलावात आणि संथ खाडीत मी रॉडला दोरी बांधतोच, पण आखूड, मुठीजवळ, आणि वल्हवत जाताना गळ काढून ठेवतो. लांब दोरी कुठेच नको. दोर कापायची सुरी मात्र क्रेटमध्ये नाही, अंगावरच्या लाइफ जॅकेटला. शिट्टीही तिथेच. ज्या क्षणी या दोन वस्तू लागतात, त्या क्षणी क्रेट तुमच्या हाताशी नसतो.

परत चढण्याचाही विचार करून ठेवा. पाण्यातून बाजूने पोटावर कयाकवर चढायचं असतं. पाइप, जाळं, फिशफाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) दांडा असं काही त्या बाजूने बाहेर आलेलं असेल तर छातीला लागेल किंवा जॅकेट अडकेल. एक बाजू मोकळी म्हणजे मोकळी. काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, सोबत कोणी असताना, गळ काढून पण सगळं सामान बांधून एकदा मुद्दाम पालथे व्हा. लोक पोहण्याची तयारी करतात, क्रेटसकट चढण्याची करत नाहीत.

राहिलेली भोकं. भोक पाडायला घाबरायचं कारण नाही, फक्त कुठे ते बघा. पाण्याच्या रेषेच्या वरच. निचऱ्याच्या नळ्या तळातून आरपार जातात, त्यांच्या भिंतीला हात लावायचा नाही, तिथली गळती शोधता शोधता जीव जातो. जिथे आतून हात पोचतो तिथे बोल्ट, मोठा वॉशर, लॉकनट. हात पोचत नसेल तिथे आत गेल्यावर तीन पाकळ्यांत फुलतं ते रिव्हेट. साधं पॉप रिव्हेट या मऊ प्लास्टिकमधून ओढलं जातं. सिलिकॉन जरूर लावा, पण ते पॉलिइथिलीनला चिकटत नाही, दोन पृष्ठांत दाबलं गेल्यामुळे वॉशरसारखं पाणी अडवतं. म्हणून आवळणं महत्त्वाचं.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हे प्लास्टिक उन्हात फार वाढतं. ३ मीटरची कयाक सावलीतून काढून कडक उन्हात तापली की सेंटिमीटरभर लांब होते. लांब ॲल्युमिनियमची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट बोल्टने ठोकलीत तर कयाक वाढते, पट्टी तेवढी वाढत नाही, आणि ताण भोकांवर येतो. एका टोकाला गोल भोक, बाकी भोकं लांबट ठेवायची. हा धातूकामातला जुना नियम आहे, प्लास्टिकवर तर दुप्पट लागू.

सावलीतला

धागा वाचतोय. माझी आत बसायची कयाक आहे, मागे खळगाच नाही. मागच्या डेकवर क्रेट बांधला तर?

लाटांवरची

नको. आत बसायच्या कयाकचं डेक उंच आणि गोलसर, क्रेट तिथे वजन वर नेतो आणि परत चढायची वाटही अडवतो. जड सामान पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून मागच्या हॅचमध्ये (झाकणाखालच्या पोकळीत), सीटच्या जितकं जवळ तितकं चांगलं, आणि पिशवी आत बांधलेली. डेकवर फक्त चपटी पिशवी: एक डबा, पक्कड, तंगुसाची गुंडी. आणि हॅचच्या आत आडभिंत नसेल तर उरलेली जागा हवेच्या पिशव्यांनी भरा, नाहीतर पालथी झाल्यावर अख्खी कयाक पाण्याने भरेल.

काठावरचा

क्रेट आणला, कटिंग बोर्ड मापाला कापून झाला. कोरड्या जमिनीवर पालथा करून हलवला, तर शिशाचा डबा झाकण उघडून सगळीकडे! त्याला रबरबँड लावलं आहे. आता शेवटची शंका: शिसं आणि नांगर दोन्ही क्रेटमध्ये ठेवले तर मागचं टोक बरंच खाली बसतं. वाऱ्यात पुढचं टोक सारखं फिरतं, ते यामुळेच का?

करवत

त्यामुळेच. मागचं टोक पाण्यात रुतून बसतं, पुढचं वर उचललं जातं, आणि वारा त्या हलक्या टोकाला ढकलतो. शिवाय मागचं टोक फार खाली गेलं तर निचऱ्याच्या भोकांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येतं. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या पुढच्या झाकणातून आत टाका, एका जाळीच्या पिशवीत, पिशवीची दोरी झाकणाजवळ बांधून, नाहीतर त्या घरंगळत हाताबाहेर जातील. शिसं क्रेटच्या तळाशी, सीटकडच्या बाजूला. रोज लागतं तेवढंच न्या, बाकीचं गाडीत.

नांगर क्रेटमध्ये नकोच, त्याची दोरी डब्यांत गुंतते. छोटी झाकणाची बादली करा, तळाला भोकं पाडा, आधी दोरी सोडत सोडत आत टाका, वर नांगर. दोरीच्या वरच्या टोकाला एक फ्लोट बांधा, म्हणजे घाईने दोर सोडून द्यावा लागला तरी नंतर नांगर सापडतो. आणि नांगर टाकला की दोर पुढच्या किंवा मागच्या टोकाकडूनच गेला पाहिजे, कमरेजवळच्या कड्याला कधीही नाही. प्रवाहात बाजूला बांधलेली कयाक बघता बघता उलटते. बादली कुठे ठेवायची ते तुमच्या हाताच्या लांबीवर ठरवा. सीटवर बसा, डोळे मिटा आणि हात मागे न्या. जिथे आपसूक पोचतो तिथे बादली.